सासऱ्यांचे बैल आणि रविवारचा समुद्र

समुद्राला रविवारची सुट्टी नसते, हे मला वयाच्या पंचविसाव्या वर्षी कळलं. तोवर मी पाण्यातला जाणकार होतो.

आमचं गाव खालापूरजवळ, पाताळगंगेच्या काठी. खोपोलीच्या वीजघरातून पाणी सुटलं की नदी चढायची. रविवारी मुंबईच्या गिरण्या बंद, म्हणून वीज कमी लागायची, म्हणून नदीला पाणी कमी. गावच्या बायका गोधड्या धुवायला रविवारीच जात. पाणी म्हणजे असंच वागतं, अशी माझी पक्की समजूत.

लढाईचे दिवस. पेट्रोल मिळेना, मोटारीचा भरवसा नाही. पण बायकोला शब्द दिला होता, अलिबागला नेऊन पाण्यातला किल्ला दाखवीन. बरोबर माझी आत्याही निघाली (तिला कुणी बोलावलं नव्हतं). गाडी आमची आणि बैल सासऱ्यांचे, चांद्या आणि खैऱ्या. सासऱ्यांचा त्या जोडीवर पोटच्या पोरांपेक्षा जास्त जीव.

"जावईबापू, लेक दिली तवा काय बोललो नाय," ते म्हणाले. "बैल देतोय, म्हणून बोलतो. जपा."

दोन दिवस खडखडत जाऊन रविवारी सकाळी किनाऱ्यावर पोचलो. समुद्र पार मागे सरलेला, किल्ल्यापर्यंत नुसती ओली वाळू.

"बघ," मी म्हणालो, "रविवारी पाणी नसतं."

बायकोनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तसं तिनं पुन्हा कधी पाहिलेलं मला आठवत नाही.

गाडी थेट किल्ल्याच्या दारापर्यंत हाकली. बैल सोडायचा कंटाळा केला, जुंपलेलेच ठेवले आणि कासरा एका दगडावर टाकला. आत गणपतीचं दर्शन घेतलं, तटावर चढलो, वारा खाल्ला. एकदम आत्यानं माझा दंड धरला.

"अरं, पाणी कुनी सोडलं?"

खाली वाळू नव्हती. गाडीची अर्धी चाकं पाण्यात आणि बैल हंबरत होते. मी धावत देवळातल्या गुरवाला गाठलं.

"पाणी कुणी सोडलं हो?"

"सोडलं म्हंजे? भरती हाय ती. दिसातून दोनदा येते."

"रविवारीसुद्धा?"

मी दाराशी जाऊन पाण्यात उडी घेणार, तेवढ्यात गुरवानं धोतराचा सोगा धरून मला मागं ओढलं. "पोहता येतंय का?" येत नव्हतं. बायको रडवेली होऊन म्हणाली, "अवो, बाबांना काय सांगायचं?"

"तू सांग," मी म्हणालो. (तुझेच बाबा आहेत, हेही म्हणालो. ते म्हणायला नको होतं.)

इतक्यात चांद्यानं मान झटकली. कासरा सुटला आणि जोडी गाडीसकट वळून किनाऱ्याकडे चालू लागली. आमच्या भाकऱ्या गाडीतच. मध्यावर पाणी बैलांच्या पोटाला लागलं, गाडी एका अंगाला कलली. मी गणपतीला एक नारळ बोललो. गाडी आणखी कलली, तसे पाच बोललो, मग अकरा. बैल काठाला लागल्यावर मी अकरा नारळांचा खर्च मांडू लागलो.

"बैलांना कळलं बघ," आत्या म्हणाली.

गुरवानं दिलेल्या खोबऱ्यावर दिवस काढला. दिवस कलल्यावर पाणी ओसरलं आणि आम्ही गुडघाभर चिखल तुडवत परतलो. बैल नारळीखाली रवंथ करत होते. एका कोळणीनं त्यांना सोडून गाडीतलाच पेंढा घातला होता. "मालक बुडालं म्हनून वाटलं," ती म्हणाली. तिला जरा वाईट वाटलेलं दिसलं, तेवढंच बरं वाटलं.

सासऱ्यांना काही सांगायचं नाही, अशी मी आत्याला शपथ घातली. सासऱ्यांच्या दारात गाडीतून उतरायच्या आत तिनं सगळं सांगून टाकलं. सासरे नुसते बैलांचे पाय चाचपत राहिले. आता जोडी कायमची बंद, असं मी धरून चाललो.

पण पुढं पावसात भातखाचरांच्या चिखलणीला जोडी मागायला गेलो तर त्यांनी चटकन दावी सोडून माझ्या हाती दिली. मी मनातून सुखावलो. मग ते चांद्याच्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "जावयाला नीट परत आना रं."