झाकणात दिवा असलेला स्कॅनर

आमच्या घरात वस्तू घेण्याची एक ठरलेली पद्धत आहे. मी महिनाभर अभ्यास करतो, जेवताना त्यातलं थोडं थोडं बायकोला शिकवतो आणि शेवटी दुकानातून भलतंच काहीतरी उचलून आणतो. मिक्सर असाच आला, इन्व्हर्टरही असाच. त्यामुळे मी स्कॅनर घ्यायचा म्हणालो तेव्हा ताटातून मान वर न करता बायको म्हणाली, "मग ह्या वेळी काय येणार? शिलाई मशीन?"

मीही हसलो. पण ही वस्तू मला खरोखर नीट निवडायची होती. आईसाठी हवी होती.

माझा थोरला भाऊ सतराव्या वर्षी काविळीनं गेला. मी तेव्हा सात वर्षांचा. तो गेल्यावर वडिलांनी शाळेच्या ग्रुप फोटोतला त्याचा बोटाच्या पेराएवढा चेहरा स्टुडिओत मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्यानं तेव्हाच्या रीतीप्रमाणे ब्रशनं त्याला कोट चढवला, टाय बांधला, भांग पाडला, गालावर गुलाबी रंग दिला. गेलेला माणूस भिंतीवर चांगल्या कपड्यात दिसला पाहिजे, मग तो जन्मभर चड्डीवर हिंडलेला का असेना. स्टुडिओवाल्याला कोट मात्र एकच काढता यायचा. आमच्या गल्लीतले त्या काळात गेलेले सगळे जण, पैलवानापासून पिठाच्या गिरणीवाल्यापर्यंत, आपापल्या भिंतीवर त्याच एका कोटात होते.

आमच्याकडे थोरल्याचा तेवढाच फोटो होता. रोज सकाळी अंघोळ झाली की आई देवाच्या आधी त्याला उदबत्ती ओवाळायची. मग पंचगंगेच्या पुरात आमचं घर चार दिवस पाण्यात राहिलं. पाणी ओसरल्यावर परत आलो तर फ्रेम भिंतीवरच होती, पण आत चिखलाचं पाणी साचलेलं. आईनं ती उतरवून पदरानं काच पुसली आणि मागचा पुठ्ठा काढला. चेहरा काचेला चिकटून लगद्यासारखा सुटला आणि तिच्या हातात आला.

त्यानंतर ती मोकळ्या खिळ्याला उदबत्ती ओवाळायला लागली. एके दिवशी मेथी निवडता निवडता ती म्हणाली, "त्याचं तोंड जाया लागलंय रं डोळ्याम्होरनं. कोट आठवतोय. तोंड धरून ठेवाया येत न्हाय." मी उठून उगाच पाणी प्यायलो.

गेल्या वर्षी मुरगूडचे मामा वारले. मामा मिल्ट्रीत होते आणि सुट्टीवर येताना डबडा कॅमेरा घेऊन यायचे. दिवस झाल्यावर मामीनं बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला. "पावणं आल्यावर ह्यांनी काढल्याल्या फोटूंच्या काचा हायत ह्यात. तुझा थोरला बी हाय बघ," म्हणाली. काचा नव्हत्या, निगेटिव्ह होत्या, हाताच्या चार बोटांएवढ्या रुंद. एक उजेडाला धरली. पांढऱ्या केसांची, काळ्या दातांची दोन माणसं एका बैलाजवळ उभी होती. भूतं वाटली. पण त्यातलं एक थोरलं होतं आणि एक धाकटं.

डबा आणल्याचं मी आईला सांगून बसलो. तिथून पुढं रोज संध्याकाळी तिचा एकच प्रश्न. "आला का रं फोटू?"

मी दूध संघाच्या ऑफिसात फॅटचे आकडे तपासतो. पाणी घातलेलं दूध मला कागदावरून कळतं, असा माझा लौकिक आहे. स्कॅनरच्या खोक्यावरच्या आकड्यांतलं पाणी मात्र कळलं नाही. राजारामपुरीतला दुकानदार म्हणाला, "पावणं, ह्यो घ्या की. प्रिंट मारतोय, झेरॉक्स काढतोय, स्कॅन करतोय. आनि काय पायजे?" आकडा सगळ्यांत मोठा त्याच्यावरच होता. घेऊन आलो. निगेटिव्ह ठेवली, झाकण लावलं. पडद्यावर करपलेल्या भाकरीसारखा एक चौकोन उमटला. मग झाकण उघडं ठेवून मोबाईलची बॅटरी वरून धरली. करपलेल्या भाकरीवर चंद्र उगवला, एवढाच फरक.

"आजी, पप्पांनी अमावास्येचा फोटो काढलाय," माझी मुलगी म्हणाली. आई हसली नाही.

मग खरा अभ्यास केला. कागदाचा फोटो खालच्या उजेडात दिसतो. निगेटिव्हच्या आरपार उजेड जावा लागतो, म्हणून स्कॅनरच्या झाकणातही दिवा हवा. तो दिवाही बहुतेक यंत्रांत अरुंद पट्टीचा असतो, साध्या रिळापुरता. मामांची फिल्म रुंद, तिला रुंद दिवा लागणार आणि फिल्म सपाट धरणारी तिच्या मापाची चौकटही. फोटो किती स्पष्ट येईल ते सांगणारे मोठे आकडे कंपनीनं फुगवलेले असतात. खरा आकडा बारीक अक्षरांत मागच्या बाजूला लिहिलेला असतो. हे सगळं मी जेवताना सांगत होतो. बायकोनं ह्या वेळी टोमणा मारला नाही. "मागवा ते," एवढंच म्हणाली.

तो आला रविवारी. निगेटिव्हवरची धूळ मी तोंडानं फुंकली, त्यात थुंकी उडाली, ती मुलीनं मऊ फडक्यानं टिपली आणि मला खुर्चीवरून उठवलं. झाकणातला दिवा हळूहळू सरकत गेला. मुलीनं काळ्याचं पांढरं केलं आणि बैल उमटला, मागचा ऊस उमटला, शेंबडा मी उमटलो. माझ्या शेजारी एक काळासावळा पोरगा उभा होता. उन्हानं डोळे बारीक केलेले, कान बाहेर आलेले, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. तोंड उघडून हसत होता. दोघांच्या अंगात एकाच ताग्यातले चौकडीचे शर्ट.

मी बघत राहिलो. ओळख पटेना. सात वर्षांच्या पोराला काय आठवणार, म्हणून आईला हाक मारली.

तिनं चष्मा पुसला, पडद्याजवळ खुर्ची ओढली. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन झालंय, तिला चांगलं दिसतं.

"ह्यो तू," ती म्हणाली. "शेंबूड बघ की. ह्यो तुझ्या मामाचा बैल, मारका हुता. शर्ट मीच शिवलं हुतं, दोघांस्नी एका टायमाला." मग तिचं बोट त्या पोरावर थांबलं. "आनि ह्यो कोण?"

"आई, थोरला."

"न्हाय."

"अगं मामी म्हणाली..."

"मामीला काय ठावं? माझा असा हाय व्हय? त्याचं तोंड मिटल्यालं, गोरंपान. भांग हुता त्याला." ती पुन्हा वाकली, खूप वेळ बघत राहिली. "शर्ट त्याचा हाय. ह्या पोराच्या अंगात कसा आला?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं आई रोज ज्याला ओवाळत आली, तो स्टुडिओवाल्यानं ब्रशनं काढलेला होता. मलाही तोच ठाऊक होता.

आई खोलीतून निघून गेली. त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी खिळ्याला उदबत्तीही दाखवली नाही, आणि तेव्हा मी घाबरलो.

मुलगी म्हणाली, "पप्पा, फोनवर करता येतं. कसा होता तो फोटो, सांगा फक्त."

मी सांगत गेलो. कोट घाल. काळा, कॉलर रुंद. टाय. भांग डावीकडं. रंग उजळ कर, अजून. डोळे जरा मोठे. कान आत घे. आता ओठ मिटव. ओठ मिटले, दात गेला, हसू गेलं. मी सांगायचो आणि ती पुसायची. शेवटी पडद्यावर तो आला, भिंतीवरचा. मला तो लगेच ओळखता आला.

प्रिंट काढून फ्रेम केली. आईनं दोन्ही हातांनी धरली, पदर डोळ्यांना लावला. "ह्योच की," म्हणाली. "कुठं गेलतास रं इतकी वर्सं?" मी खिळ्याला फ्रेम अडकवली. तिनं हात जोडले. मी जायला निघालो तर तिनं मागून विचारलं, "मग त्ये दुसरं पोरगं कुणाचं हुतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "असंल मुरगूडचंच कुणाचंतरी."

तिनं उदबत्तीची राख झटकली.

"मग त्याच्या आईला न्हेऊन दे की त्यो फोटू. तिला पायजे असंल."

"देतो," मी म्हणालो.