चिंचेनं घासलेला मुद्देमाल

एका प्रकरणाचं नुसतं नाव काढलं तरी माझी नातवंडं अजून पोट धरून हसतात. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. मी तेव्हा सौंसर थाण्यात सब-इन्स्पेक्टर होते. पुरावा कसा सांभाळावा यावर पुढे मी नव्या पोरांना भाषणं दिली, पण त्या दिवशी जप्त केलेला मुद्देमाल मी स्वतः थाण्यामागच्या नळावर नेला, वर्दीच्या बाह्या वर केल्या आणि चिंच-राख लावून लख्ख घासला. हवालदार मागे उभा राहून म्हणत होता, "मॅडम, मुद्देमालाले पानी लावत नसतात." मी म्हटलं, "तू आपला रोजनामचा लिही."

एवढा शहाणपणा कशापायी? जळण्यापायी. दुसरं काही नाही.

पांढुर्णा थाण्यात एक सब-इन्स्पेक्टर होता. ट्रेनिंगला आम्ही बरोबर होतो. कवायतीत माझ्या मागे राहायचा, पण नोकरीत पुढे पळायला लागला. भांड्यांच्या चोरीची एक टोळी त्यानं धरली आणि एस.पी. साहेब पाहणीला आले तेव्हा पितळी हंडे, पराती, घागरी असं सगळं पांढऱ्या चादरीवर मांडून ठेवलं. साहेब "वा!" म्हणाले. पेपरात फोटो आला. मी तो फोटो दोनदा पाहिला आणि मग त्या कागदात मिरच्या बांधल्या, बरोबर त्याच्या मिशीवर. त्या दिवसापासून माझं एकच मागणं होतं, मलाही काहीतरी चमकणारं सापडू दे.

सापडली ती एक चकरी.

सौंसरात संत्र्याचा बगीचा असलेले एक काका होते. जन्मभर जहाजांवर इंजिनचे फिटर होते. लोक त्यांना जहाजवाले काका म्हणत. बंदराबंदरांतून त्यांनी खाऱ्या पाण्यात मासे धरायच्या जुन्या चकऱ्या जमवल्या होत्या. गळाची दोरी गुंडाळायच्या, पितळेच्या, नारळाएवढ्या जड. मिठानं खाल्लेल्या, गंजून बसलेल्या चकऱ्या ते रॉकेलात भिजवत, मऊ ब्रशनं साफ करत, तेल देत आणि पुन्हा फिरत्या करत. घरात मासळीचा वास चालत नव्हता आणि समुद्र शेकडो कोस दूर, तरी काचेच्या कपाटात चकऱ्यांचं राज्य. त्यातली सगळ्यात जुनी, सगळ्यात काळी चकरी एका सकाळी कपाटातून गेली. कुलूप शाबूत होतं. काका थाण्यात येऊन लहान पोरासारखे रडले. रडता रडताही तिची आतली तुटलेली कमान, म्हणजे स्प्रिंग, आपण एकट्यानं बसवल्याचं सांगायला विसरले नाहीत. त्याच आठवड्यात मुंबईचा कोणी शौकीन ती पाहायला आणि काकांचा फोटो घ्यायला येणार होता.

कुलूप शाबूत म्हणजे माणूस घरात ये-जा असलेला. एवढं मला कळलं. बाकीचं कळलं बस स्टँडवर संत्री विकणाऱ्या बाईकडून. ती आमची मुखबिर, म्हणजे खबरी, पण तिला तसं म्हटलेलं आवडत नसे.

"तो पांढुर्ण्याचा घड्याळवाला नाही का," ती म्हणाली, "काकाचा दोस्त? परवा बसमंधी पिशवी मांडीवर घेऊन बसला होता, लेकरावानी. गाडी हालली का पिशवीतून टर्रर्र आवाज. म्या इचारलं, काय हाय? त म्हने घड्याळ. बाप्पा, घड्याळ टिकटिक करते, टर्रर्र कायले करन?"

दुसऱ्या थाण्याच्या हद्दीत झडती घ्यायची तर तिथल्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. मी कळवलं, पण दुकानाच्या दारात पोचल्यावर. तरी तो मिशीवाला धावत आला आणि स्टुलावर बसून चहा पीत माझी झडती पाहू लागला. चकरी घड्याळांच्या खोक्याखाली सापडली. तिच्याजवळ आणखी दोन मोडक्या चकऱ्या होत्या, काकांनीच कधीतरी टाकून दिलेल्या. पंचनामा झाला, पंचांच्या सह्या झाल्या. चकरीचं वर्णन मीच सांगितलं, "पितळी, काळपट रंगाची."

आणि दोन दिवसांनी एस.पी. साहेब सौंसरला येणार असा निरोप आला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. चादर पांढरी होती, चकरी पिवळीधमक. साहेब तिच्याकडे न पाहताच मालखान्याच्या दाराची कडी तपासून निघून गेले.

खरा मार पडला शिनाख्तीच्या दिवशी. वस्तू सारख्याच वस्तूंत मिसळून ठेवायची आणि फिर्यादीनं ती तहसीलदारांसमोर ओळखायची, हा नियम. सौंसरात समुद्री चकऱ्या आणायच्या कुठून? त्या दोन मोडक्या ठेवल्या, मधे ही. काका आले, वाकून पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"याच्यात माही नाही."

मी म्हटलं, "काका, नीट पाहा."

"पाह्यलं ना बाई. माही काळी होती. साठ-सत्तर वर्षांच्या समुद्राच्या हवेनं चढलेला रंग होता तिच्यावर, म्या कधी ब्रश जोरानं नाही मारला. हे काय हाय? समई?"

तहसीलदारांनी कागद बाजूला सारले. पंचनाम्यात काळपट, समोर पिवळी, आणि फिर्यादी म्हणतो माझी नाही. घड्याळवाल्याचं म्हणणं पहिल्यापासून एकच, मुंबईच्या बाजारातून आणली. मीच घासली म्हणावं, तर कागदावर त्याची नोंद नाही; आता तो खरा आणि मी खोटी. पांढुर्ण्याहून फोन आला. मिशीवाला फार गोड आवाजात म्हणाला, "काय मॅडम, मुद्देमाल बदलला की काय?" हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. मुद्देमाल बदलल्याच्या संशयावर चांगल्या चांगल्यांच्या वर्द्या उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळवाल्याला चौकशीला बोलावलं. बारीक, पन्नाशीचा माणूस, बोटं सुतासारखी. त्याला चहा दिला. आवाज चढवला नाही. चढवायला माझ्याकडे होतं तरी काय? मी हवालदाराशीच बोलायला लागले, त्याला ऐकू जाईल असं.

"काकांचे हात म्हणजे सोनं बरं का. ती आतली टर्रर्र वाजणारी जीभ तुटली होती. कमान त्यांनी एकट्यानं बसवली. मुंबईचा माणूस त्याचाच फोटो घेणार होता. पांढुर्ण्यात कोणाला जमलं असतं असं?"

हवालदार हुशार. म्हणाला, "छ्या! पांढुर्ण्यात त अलार्म वाजला तरी नशीब."

घड्याळवाल्याचे कान लाल झाले. ते कान मी ओळखले. एस.पी. साहेब त्याला "वा!" म्हणाले हे ऐकलं तेव्हा माझेही असेच तापले होते. अशा वेळी माणसाला फार ढकलावं लागत नाही, नुसतं समोरच्याचं कौतुक चालू ठेवायचं.

"आणि काय ती कमान!" मी म्हटलं. "केसाइतकी बारीक. काका म्हणत होते, ज्याले जहाजाचं इंजिन कळते त्यालेच हे कळते."

कप टेबलावर आपटला.

"कोनं बसवली? त्यानं? त्याच्या बापाले जमली असती काय? म्या बसवली! चांगल्या अलार्म घड्याळाची कमान तोडून बसवली, चार खेपा सौंसरले जाऊन बसवली! आन् तो सांगून राहिला का एकट्यानं केलं? मुंबईवाल्याले माहं नाव सांग म्हटलं त म्हने, तुले कायले पाह्यजे नाव, तू त पेचकस धरला होता फक्त! उघडा ते! तिरपी कापेल निळी कमान दिसन, दाखवतो मी!"

बोलून झाल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो. मुंबईच्या बाजारातून आणलेल्या चकरीत सौंसरला बसवलेली कमान कशी असेल?

पंचांसमोर चकरी उघडली. चिंच आतपर्यंत पोचली नव्हती, देवाची कृपा. आतला भाग तसाच काळा, आणि त्यात निळी, तिरपी कापलेली कमान. काकांना बोलावून दाखवली. त्यांनी कमानीवरून बोट फिरवलं. चकरी आपली म्हणायची तर कमान कोणाची तेही बयाणात लिहून द्यावं लागणार होतं.

"माहीच हाय," शेवटी म्हणाले. "कमान यानं बसवली."

"जोरानं बोल," घड्याळवाला कोपऱ्यातून म्हणाला. "लिवनाऱ्या मुन्शीले ऐकू नाही गेलं."

मग दोघांनीही पहिल्यांदाच चकरीकडे एकत्र पाहिलं, आणि दोघंही माझ्याकडे वळले. पुढचा अर्धा तास आरोपी आणि फिर्यादी मिळून मला बोलत होते. पोलिसांत मी पुष्कळ शिव्या खाल्ल्या, पण इतक्या एकमतानं कधी नाही. कोर्टाच्या परवानगीनं प्रकरण आपसात मिटलं आणि दोघं जामसांवलीला हनुमानजीच्या दर्शनाला एकाच बसनं गेले. वाटभर भांडत गेले असं कंडक्टर सांगत होता.

या प्रकरणानं मला काय शिकवलं? चोराची भूक पकडता येते, गरज पकडता येते. पण जळणं पकडायचं तर ते आधी स्वतःच्या पोटात असावं लागतं. माझ्या पोटात ते होतं, म्हणून केस सुटली; आणि होतं, म्हणूनच ती आधी बिघडलीही. पुढे चौकशीला बसले की मी समोरच्याचे कान आधी पाहायची. पुष्कळ उपयोग झाला.

काही महिन्यांनी पांढुर्ण्याला काम होतं, तेव्हा घड्याळवाल्याच्या दुकानात डोकावले. काकांनी कपाटात त्या चकरीखाली पाटी लावली, त्यावर दोघांची नावं आहेत, हे मी ऐकलं होतं. म्हटलं, "काय, आता तरी पोटातली आग विझली?"

त्यानं डोळ्याचं भिंग काढलं नाही. पेचकस फिरवत म्हणाला, "विझली होती बाई. पन त्यानं माहं नाव आपल्या नावाच्या खाली लिवलं. इथले मिशीवाले सायेब काल घड्याळ टाकाले आलते, तुमची मोठी तारीफ करून राहिले होते, म्हने चोर धरला का आता आमचं दोघायचंबी नाव पेपरात येते. तुमचं त्यायच्या वर येते का खाली?"