जिन्यातला जोड

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या या माणसाला सगळे जोडमास्तर म्हणत, आणि खरं सांगायचं तर आईबापानं ठेवलेल्या नावापेक्षा त्यांना तेच नाव जास्त आवडायचं. रस्त्यातल्या खड्ड्यात मांडी घालून बसायचं, डोक्यावर ताडपत्री, मांडीवर तुटलेली केबल, आणि दोनशे तारा एकेक करून, रंगाला रंग लावून पिळत बसायचं. एक तार इकडची तिकडे झाली की डॉक्टरांचा फोन वाजणार खाटकाकडे! जोडमास्तरांच्या हातून असं कधी झालं नाही. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी चालता चालता ते बायकोला रस्ता दाखवून म्हणत, "इथं खाली माझा जोड आहे." बायको म्हणे, "असू दे. पाय उचला आता."

तर यांच्या सुनेला आठ वर्षं घरात काढल्यावर नोकरी लागली. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना पडद्यावरून शिकवायचं, एकेकाला समोर बसवून, घरबसल्या. पहिले तीन महिने बघणार, जमलं तर कायम. संस्थेची अट एकच: इंटरनेट वायरनं आलेलं हवं. राउटर खाली बैठकीत आणि तिची खोली वर, मधे हा जाड स्लॅब. वर पोचेपर्यंत वायफायचा जीव जायचा. मुलगा म्हणाला, "कंपनीचा माणूस बोलावतो."

झालं! जोडमास्तरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मी मेलो का रे? चौतीस वर्षं काय गोट्या खेळत होतो?"

माप त्यांनी स्वतः घेतलं. राउटरपासून जिन्याच्या भिंतीनं वर, वळणावरून सुनेच्या खोलीच्या दारापर्यंत. आणि दारापाशी अडले. सून आंघोळीला गेलेली, पलंगावर तिचे कपडे पसरलेले. सासऱ्यानं आत कसं जायचं? उंबऱ्यावरूनच मान लांब करून त्यांनी खोली डोळ्यानं मापली, "होतील आठेक हात," आणि निघाले दुकानाला. सुनेला हाक मारून "जरा आत येऊ का?" विचारलं असतं तर ही गोष्टच घडली नसती. पण मोठ्या माणसांना विचारायचं म्हणजे संकट.

टेबल होतं पलीकडच्या खिडकीशी, मधे कपाट. वायर दोन हात कमी पडली.

तेव्हा संध्याकाळ झाली होती, दुकान बंद, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेचा पहिला तास. बायकोनं खालून विचारलं, "काय हो, कमी पडली की काय?" "कमी पडायला मी काय आज जन्मलो?" असं ओरडून जोडमास्तरांनी जुन्या पेटीतून एक लांब तुकडा काढला आणि, खोलीत दिसू नये म्हणून, जिन्याच्या वळणावर आठही तारा पिळून जोडल्या. हिरव्याला हिरवी, निळ्याला निळी. वर टेप, त्यावर प्लॅस्टिकची पट्टी ठोकून बंद. वर सुनेच्या लॅपटॉपवर राउटरसारखाच हिरवा दिवा लुकलुकला. सून म्हणाली, "बाबा, तुम्ही होतात म्हणून!" हे ऐकून त्यांची छाती दोन इंच फुगली. आपण दुकानात उद्या पुन्हा जाऊ, सावकाश बदलू, असं त्यांनी ठरवलंही होतं. पण एकदा कौतुक झाल्यावर पट्टी उघडायची कुणी?

चौथ्या दिवशी लाईन तुटायला लागली. तुटायची, दोन मिनिटांनी यायची. कारण दोन दिवसांत जोडमास्तरांच्या ध्यानात आलं. त्याच भिंतीतून पाण्याच्या पंपाची वायर गेली होती. खाली पंप घरघरला की वर सून "हॅलो, हॅलो, दिसतेय का मी?" करायची. टेलिफोनवर असा जोड दिला तर फार तर जराशी खरखर यायची, माणसं ओरडून बोलायची आणि काम भागायचं. इथं ओरडून भागत नव्हतं.

मग यांनी काय करावं? पंपाचं बटणच बंद करून ठेवायला लागले! टाकी कोरडी पडली, बायको डोक्याला साबण लावून न्हाणीघरातून शिव्या घालतेय, आणि हे पेपरात तोंड खुपसून बसलेत. घराला दोन दिवस आंघोळीचे वांधे, मग पंप सुरू करावाच लागला आणि लाईन पुन्हा तुटायला लागली. सुनेनं हताश होऊन विचारलं, "बाबा, वायरीत तर काही नसेल ना?" त्यावर हा माणूस काय बोलला ते सांगतानासुद्धा लाज वाटते. म्हणाला, "वायरीला काय धाड भरलीय? तुझा लॅपटॉप जुना, आणि वापरणाऱ्याला समज हवी."

तिनं भावाचा लॅपटॉप मागून आणला. लाईन तुटतच राहिली.

तिच्याकडे एक नऊ वर्षांची मुलगी होती. सून तिला छोटी म्हणायची. छोटी एकेका शब्दासाठी छातीत हवा भरून घ्यायची, डोळे मिटायची, शब्द ओठापर्यंत आणायची, आणि नेमका तिथंच पडदा गोठायचा. लाईन परत आली की छोटी गप्प. तिला वाटायचं, आपणच अडकलो म्हणून बाई गेल्या. दोन आठवड्यांनी तिच्या आईनं कळवलं की पोरगी आता घरीही बोलेनाशी झालीय. शुक्रवारचा तास बघू, नाहीतर बंद करू. संस्थेनंही सुनेला सांगितलं, ही मुलगी गेली तर तुमचंही कठीण आहे. जेवताना सुनेनं हे सगळं सांगितलं आणि म्हणाली, "माझ्यातच काहीतरी कमी आहे, आई."  आत्ता बोल, आत्ता बोल, असं जोडमास्तरांच्या मनात चाललेलं, आणि तोंडातून निघालं काय, तर "मीठ दे."

गुरुवारी मुलानं कुणाला न विचारता कंपनीची बाई बोलावली. विशीतली, कमरेला पक्कड. तिनं वायरीला एक छोटं यंत्र लावलं आणि म्हणाली, "अकरा मीटरवर जोड आहे." सरळ जिन्याच्या वळणावर जाऊन तिनं पट्टी उचकटली. जोडमास्तर खाली उभे होते.

"अरे वा!" ती टेप सोडवत म्हणाली. "किती देखणा जोड आहे! कुणीतरी जुना टेलिफोनवाला दिसतोय. पण यात जोड चालत नाही हो. कुणी केलाय?"

सुनेनं जोडाकडे बघितलं, मग सासऱ्यांकडे. तिला सगळं कळलं. आणि ती म्हणाली, "दुकानातूनच तशी आली असेल."

"हो," जोडमास्तर म्हणाले. "हल्ली मालच तसा येतो."

बोलून गेले आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुनेनं पाठ वळवली. ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. तिनं कंपनीच्या बाईला पाणी विचारलं, नवी अखंड वायर टाकून घेतली आणि संध्याकाळी नेहमीसारखं त्यांचं ताट वाढलं. जोडमास्तर अर्धपोटी उठले.

शुक्रवारी सकाळी ते जिन्यात उभे होते. खाली पंप घरघरत होता आणि वर लाईन स्वच्छ चालली होती.

"आता वायर नीट झाली," सून म्हणत होती. "आता नाही तुटणार. बोल."

 मग छोटीचा आवाज, "वा-वायर न-नव्हती तुटत. मी... मीच."

"नाही गं, खरंच वायरच होती."

"तुम्ही स-समजूत घालता."

जोडमास्तर वर गेले. दारावर टकटक केली, "येऊ का?" म्हणाले, आणि सुनेच्या शेजारी पडद्यासमोर वाकून उभे राहिले. तिथं दोन वेण्यांची एक बारकी पोरगी होती.

"पोरी, मी या बाईंचा सासरा," ते म्हणाले.  "वायर मी टाकली होती. ती कमी पडली म्हणून मी चोरून जोड दिला, आणि तो वाईट झाला. तुझं बोलणं कधीच तुटलं नाही. माझा जोड तुटत होता. मला माहीत होतं, आणि मी या बाईंवर ढकललं. काल चोरी सापडली, तेव्हाही खोटं बोललो."

सून खाली मान घालून ऐकत होती.

छोटीनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. "म-मग सांगितलं का न-नाही?"

चौतीस वर्षांची नोकरी, वय, मान, सगळं एकदम ओठावर आलं, पण नऊ वर्षांच्या पोरीला त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं.

"लाज वाटली," जोडमास्तर म्हणाले.

छोटीनं छातीत हवा भरून घेतली. ओठ मिटले, शब्द अडला, पुन्हा अडला. सून थांबली, जोडमास्तरही थांबले.

"म... म... मला पण वाटते," ती म्हणाली. "रोज."