नावेला जीपचा कार्बोरेटर

"आदी नाक, मंग पाना," असं म्हणत तो इंजिनावर वाकायचा आणि डोळे मिटून वास घ्यायचा. गिऱ्हाईक तोवर श्वास रोखून उभं. असा एखादा कारागीर तुम्हीही पाहिला असेल. माझं दुर्दैव एवढंच, की इचोड्याच्या रस्त्यावर त्याचं शेड माझ्या शेडला लागून होतं.

मी जळायचो, सरळच सांगतो. हत्यारं माझ्याकडे जास्त, हात माझा जलद. तरी ट्रकवाले "मिस्त्री कुठाय?" विचारायचे ते त्याच्यासाठी, तेही माझ्यासमोर उभं राहून. वर तो मलाच चहा पाजायचा, आणि मी तो प्यायचो.

नव्वदच्या आसपास पैनगंगेवरच्या एका ठेकेदारानं जुनी पेट्रोलवर चालणारी नाव आणली. बाजारकरी पलीकडे न्यायचे होते. तिचा कार्बोरेटर बिघडला तेव्हा मिस्त्री गावाला गेला होता, म्हणून काम माझ्याकडे आलं. नावेचा कार्बोरेटर मागवायचा तर पंधरा दिवस जाणार. जीपचा तिथं नेमका बसत होता. मी तोच बसवायला घेतला, तेवढ्यात तो परतला.

"भाऊ, जीपचा नको. नावेचाच मागव. काऊन का—"

"माज्या कामात पडू नका तुमी," मी म्हणालो आणि मुद्दाम ग्राइंडर चालू केला. जळतोय लेकाचा, असं वाटून मला फार बरं वाटलं होतं.

नाव झकास चालली. बाजाराच्या दिवशी मी ऐटीत इंजिनाजवळ बसलो होतो. वीसेक माणसं चढली होती. एकानं बिडी तोंडात धरून काडेपेटी काढली. इतक्यात मिस्त्री काठावरून ओरडत पाण्यात शिरला, "काडी वढू नका! समदे उतरा!"

माणसं उतरली. त्यानं तळाची फळी उचलली. खाली पेट्रोल साचलं होतं.

"जीपचा वाहू लागला का बाहेर सांडते," तो हळूच मला म्हणाला. "जीपीत ते रस्त्यावर पडते. नावेत कुठं जाईन? नावेच्या कार्बोरेटरात सांडलेलं इंजिनातच जाते."

ठेकेदार धावत आला. "काऊन उतरवले लोकं? कोनं केलं हे?"

मी वाकून तळाची फळी जागेवर बसवू लागलो.

"जीपचाच बसव म्हनून म्याच सांगतलं त्याले," तो म्हणाला. "चूक माई हाये."

ठेकेदारानं चारचौघांत त्याला आईमाईवरून शिव्या दिल्या. पुढं कितीतरी दिवस त्याची गिऱ्हाईकं माझ्याकडे येत राहिली. मी त्यांना बसायला स्टूल देत होतो. एकालाही खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझं शेड उठलंच असतं.

काही वर्षांनी तो वारला. तेराव्याला मी त्याच्या बायकोपुढं कबूल केलं, "वहिनी, नावेची चूक माजी होती."

"मालूम हाये जी," ती म्हणाली. "तुमच्या हातावर लई जळत होते ते. 'माया हात असा चालत नाई' म्हनत."

म्हणजे जळत आम्ही दोघंही होतो. पण त्या दिवशी काठावर बोलला तो एकटाच.