गाडी बाहेर, देव आत

माटे चौक मागे पडला तेव्हा जिजाबाईंनी पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. थोडं पुढे गेल्यावर पुन्हा उजव्या. लग्नात आहेराबरोबर देतात तसली कापडी पिशवी होती, वरची नवरा-नवरीची नावं धुऊन धुऊन पुसत आलेली. प्रेमिला शेजारून चालत होती आणि पिशवीकडे बघायचं टाळत होती.

"द्या इकडे थोडा वेळ," शेवटी तिने म्हटलं.

"राहू दे वं. जड कुठं आहे!"

प्रेमिलाने पुन्हा विचारलं नाही. पिशवीत देव आहे हे तिला ठाऊक होतं, फक्त कोणाचा ते माहीत नव्हतं. दोघींची सकाळच्या फिरण्याची सोबत जुनी, पण या आठवड्यात जिजाबाई रोज एक देव बरोबर घेऊन निघत होत्या, त्याला कुठे ठिकाण मिळतं का बघायला. एका पुजाऱ्याने विठ्ठल-रखुमाईची तसबीर हसून ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी तीच तसबीर देवळामागच्या पिंपळाखाली पालापाचोळ्यात दिसली. जिजाबाईंनी ती उचलली, पदराने पुसली आणि परत आणली. आज त्या तलावावर निघाल्या होत्या.

प्रेमिलाच्या मनात वेगळीच धाकधूक होती. आज ना उद्या या मलाच विचारणार. उत्तर तिने तयार ठेवलं होतं, आणि ते खरंही होतं. तिच्या फ्लॅटमध्ये टीव्हीपेक्षा लहान कपाटात तीन घरचे देव दाटीने बसले होते. सून भूमिका पोरीसारखी वागायची, पण उदबत्तीच्या धुराने वरचं सिलिंग काळं पडतं म्हणून तिने त्या कपाटाला दार लावून घेतलं होतं. तिथे आणखी एकाची सोय कुठून करायची?

हे सगळं सुरू झालं ते एका रिकाम्या गॅरेजमुळे.

प्रताप नगरात जिजाबाईंच्या यजमानांनी, मनोहररावांनी, घर बांधलं तेव्हा त्यांच्याजवळ स्कूटर होती. तरी त्यांनी शटरचं गॅरेज आधी बांधून घेतलं. "पोट्टा शिकून राहिला. गाडी येईनच. तवा जागा कुठून आणू?" असं ते म्हणायचे. गाडी आली, पण पुष्कळ वर्षांनी. तोवर गॅरेज रिकामं, आणि रिकामी जागा साऱ्या गल्लीच्या डोळ्यात भरते.

पहिल्या आल्या समोरच्या शोभाताई. यजमान गेल्यावर त्या पुण्याला मुलीकडे निघाल्या होत्या. सागवानी देवघर हातगाडीवर घालून त्यांनी रस्ता ओलांडला. "जिजाबाई, पंधराच दिवस ठेवा. तिकडं बस्तान बसलं की नेतेच." ते बस्तान अजून बसतंच आहे. मग आजूबाजूची घरं एकेक करून पडायला लागली, माणसं फ्लॅटमध्ये गेली, आणि जिजाबाई देव ठेवून घेतात ही गोष्ट कशी कोण जाणे, पार खामल्यापर्यंत पोचली. कोणाच्या सासऱ्यांचे गजानन महाराज, कोणाच्या आईचा तडा गेलेला महादेव, कोणाची काच फुटलेली लक्ष्मी. काही जण विचारून ठेवायचे. काहींना विचारायची लाज वाटायची. ते उजाडायच्या आत फाटकाशी देव ठेवायचे, जवळ एक नारळ ठेवायचे आणि मागे न बघता निघून जायचे. सडा टाकायला बाहेर आलेल्या जिजाबाईंच्या पायाशी देव!

"उन्हात कसा राहू देऊ?" एवढंच त्या म्हणायच्या आणि शटर वर करायच्या.

बरं, नुसतं ठेवून भागलं असतं तर एक गोष्ट होती. आंघोळ झाली की त्या अर्ध्या उघडलेल्या शटरखालून वाकून आत जायच्या, एक दिवा लावायच्या आणि प्रत्येकापुढे साखरेचे चार दाणे ठेवायच्या. प्रेमिलाने एकदा म्हटलं, "अहो, येवढं रोज कशाला? देव काय उपाशी राहतात?" तर म्हणाल्या, "पाहुणा आला तर त्याले नुसतं बसवून ठेवतेत का वं?" मनोहरराव ओट्यावर पेपर वाचत असायचे. ते तिथूनच ओरडायचे, "अवं, बस कर! त्याईले शुगर होईन!"

मुलाला, रोहितला, मौद्याच्या वीज प्रकल्पात नोकरी लागली आणि गाडी आली. त्याच्या बायकोने, वैभवीने, गाडीला हळदकुंकू वाहिलं, ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडी फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली. पाहुणेरावळे विचारायचे, "मनोहरराव, गॅरेज असून गाडी बाहेर काहून गा?"

"पार्किंग फुल आहे बाप्पा!"

सगळे हसायचे, रोहितही हसायचा. पण नागपूरचं ऊन हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मे महिन्यात वैभवी ओढणी गुंडाळून स्टिअरिंग धरायची. पुढे एका अवकाळी वादळात कडुनिंबाची फांदी मोडली आणि गाडीची समोरची काच चुरा झाली. त्या दिवशी मात्र रोहित हसला नाही. "आई, रविवारी टेम्पो बोलावतो. आता बस झालं."

रविवारी टेम्पो आला. प्रेमिला त्या वेळी तिथेच होती. रोहितने शटर पूर्ण वर केलं. टेम्पोवाल्याने आत बघितलं, चपला काढल्या आणि दारातच हात जोडून उभा राहिला. "दादा, मी हात नाही लावत. आज आंघोळ नाही झाली." रोहित चिडला आणि स्वतःच आत शिरला. त्याने समोरची लक्ष्मीची तसबीर उचलली. तिच्या चौकटीत एका मुलीचा पासपोर्ट फोटो खोचलेला होता, परीक्षेच्या आधी कोणी आईने खोचला असेल. वेण्या घातलेली, घाबरलेली पोर. रोहितने त्या पोरीकडे बघितलं. मग शर्टाच्या बाहीने काचेवरची धूळ पुसली आणि होती तिथे ठेवून दिली.

"आई, मले नाही होत."

टेम्पो रिकामा परत गेला. वैभवी आतून म्हणाली, "मला माहीत होतं," आणि तिने चहा टाकला. जिजाबाईंचे डोळे भरून आले होते. पण लेकाने देव ठेवले म्हणून की लेकाचं काही चाललं नाही म्हणून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढे घरच बिल्डरला द्यायचं ठरलं. दोन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या, स्लॅब गळत होता, आणि मनोहरराव थकले होते. नवीन इमारतीत खाली गाडीला जागा मिळणार होती, वर छत असणार होतं, पण भिंती नसणार होत्या. तोवर त्रिमूर्ती नगरात तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेतल्या. साऱ्या घराचं सामान त्या दोन खोल्यांत छतापर्यंत गेलं, आणि घर रिकामं करायच्या दिवशी देव मागे राहिले.

रोहितने डोक्याला हात लावला. मग त्याने गाडीची मागची सीट पाडली. जिजाबाईंच्या जुन्या लुगड्यांत एकेक देव गुंडाळून गाडीत भरला. शोभाताईंचं देवघर पुढच्या सीटवर बसवलं आणि त्याला पट्टा लावला. ज्या गाडीला गॅरेजमध्ये कधी पाय ठेवता आला नाही, तिच्याच पोटात सारं गॅरेज गेलं. दुसऱ्या दिवसापासून रोहित मौद्याला बसने जायला लागला.

वैभवी म्हणाली होती, "आई, आपले देव तरी घरात ठेवू. पातेल्यांच्या वर जागा करते." जिजाबाई ऐकल्या नाहीत. स्वतःचे टाक, बाळकृष्ण, सगळे त्यांनी गाडीतच नेऊन ठेवले. "दुसऱ्याचे रस्त्यावर अन् आपले घरात? मंग त्याईले काय सांगू?" रोज त्या गाडीशी जायच्या. काच चार बोटं खाली ठेवायला लावली होती, आतल्यांना गरम होतं म्हणून. तिथूनच साखर आत टाकायच्या.

तेही निभलं असतं. पण नवीन जागी न्हाणीत मनोहररावांचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. रामदासपेठेतल्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. उद्या घरी सोडणार होते. पाय सरळ ठेवून मागच्या सीटवर आडवं आणायचं, आणि मग दर दोन-चार दिवसांनी पुन्हा न्यायचं. गाडी पाहिजेच.

आज घरून निघताना जिजाबाईंनी हे सगळं प्रेमिलाला सांगितलं होतं. रोहित काल रात्री जेवताना म्हणाला होता, "परवा पहाटे मौद्याकडं नेतो सगळे. नदीकाठी एक देऊळ आहे. ओट्यावर ठेवून येतो."

"तुम्ही काय म्हणालात?" प्रेमिलाने विचारलं होतं.

"काय म्हणू वं? नवऱ्याले घरी आणाचं आहे. कोणत्या तोंडानं नाही म्हणू?"

तलावाच्या पाळीवर पोचल्या तेव्हा उन्हाचा चटका लागायला सुरुवात झाली होती. पायऱ्यांकडे वळताच चौकीदाराने हटकलं. "आजी, पिशवीत काय आहे? विसर्जन बंद आहे इथं. गणपतीत पाण्याची टाकं ठेवतेत, तवा आणा."

"लहानसं आहे बाबू. कोणाले दिसणार बी नाही."

"दाखवा."

जिजाबाईंनी पिशवीत हात घातला. फडक्याची घडी उलगडली आणि प्रेमिलाने मूर्ती लगेच ओळखली. पितळेची, तळहाताएवढी अन्नपूर्णा. हातातली पळी झिजून गुळगुळीत झालेली. महालक्ष्म्यांच्या जेवणाला गेलं की दर वर्षी हीच मूर्ती तिने जिजाबाईंच्या पूजेच्या ताटात तांदळावर बसलेली बघितली होती. हा कोणा परक्याचा देव नव्हता.

चौकीदाराने मूर्तीकडे बघितलं, मग जिजाबाईंकडे. त्याचा आवाज खाली आला. "आजी, हे तर चांगली आहे. कुठं तुटली नाही, फुटली नाही. काहून टाकून राहिल्या? घरी ठेवा न."

"हाव," जिजाबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा घडी घातली.

दोघी पाळीवरच्या दगडावर बसल्या. पाण्यावरून वारा येत होता, पण थंड नव्हता. प्रेमिला मनातल्या मनात नाम घेत राहिली. देवाजवळ काय मागावं तेही तिला कळत नव्हतं.

"ही तुमची आहे ना?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"माह्या आईनं लग्नात दिली. माप ओलांडून आली तवा हेच होती हातात." जिजाबाई पाण्याकडे बघत होत्या. "बाकीचे टाक, बाळकृष्ण जातीन सगळ्याईसोबत. त्याईचं मी मनाले समजावलं. पण हिले ओट्यावर ठेवाले मन होत नाही. अन् सगळ्याईले नदीवर धाडून हिले तेवढी घरात कशी ठेवू? माह्या भरोशावर आणून ठेवले होते लोकाईनं. म्हटलं, माह्या हातानं पाण्यात सोडावं. तेही नाही."

प्रेमिलाने तयार ठेवलेलं उत्तर जिभेपर्यंत आलं. जिजाबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, जसं काही ते त्यांना आधीच ऐकू आलं होतं.

"तुह्या घरी जागा नाही, मले माहीत आहे. देव्हाऱ्यात नको ठेवू वं. तांदळाच्या डब्यात ठेवजो, तांदळातच. पूजा नको, दिवा नको, साखर नको. रोज तांदूळ काढतानी तुहा हात लागीन, तेवढं पुरे हिले. अन् कधी तुह्याकडून नाही झालं, भूमिकेले नाही पटलं, तर माह्याजवळ आणून देजो, मी काही म्हणणार नाही. पण कोणाच्या फाटकाशी ठेवून येजो नको. एवढं करशीन?"