बाहेरच्या दोन लायनी

जळगाव जामोदच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी टेलिफोनवर बसायची. महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मॅट्रिक होऊन नोकरीला लागलेली आमच्या बौद्ध वस्तीतली मी पहिलीच मुलगी.

टेबलावर लाकडी बोर्ड होता आणि पोस्टातून आलेल्या बाहेरच्या लायनी दोन. मालक खामगावला राहत. तिथून फोन करून ते म्हणत, "अकोल्याच्या व्यापाऱ्याले जोड." मी दुसऱ्या लाईनवर अकोला मागायची आणि दोन्ही लायनी एकमेकींना जोडणारी दोरी बोर्डात खोचायची. फोन फॅक्टरीतून आला म्हटल्यावर व्यापारी शंका घेत नसे.

एका दुपारी फोन आला. "मी मालकाचा जावई बोलून राह्यलो, अकोला दे." मी दिलं. त्याने व्यापाऱ्याला सांगितलं, कापसाच्या गाठी भिजल्या, माल येत नाही. व्यापाऱ्याने दुसरीकडून कापूस उचलला आणि आमचा सौदा गेला. खरे जावई त्या दिवशी नागपूरला लग्नात होते. तो माणूस कोण, हे कधीच कळलं नाही.

मॅनेजर माझ्यासमोर उभे राहिले. "काऊन जोडली लाईन? आवाज वळखला होता?"

"नाही."

"मंग?"

त्या रात्री घरी मी जेवले नाही, पण रडलेही नाही. सकाळी जाऊन मॅनेजरना म्हटलं, "आठ दिवस द्या. आतापासून बाहेरून कोनीबी लाईन मागतली, तं त्याले फोन ठेवाले लावीन. मंग आपल्या वहीतल्या नंबरावर मीच उलटा फोन करीन. तिथं तोच मानूस भेटला, तं जोडीन."

"अन् मालकच असले तं?"

"त्यायलेबी."

ते हसले. "बघू."

तिसऱ्याच दिवशी मालकांचा फोन आला. घसा बसलेला, घाईत होते. "अकोला दे लवकर."

"मालक, फोन ठेवा. मी तुमच्या घरी उलटा फोन लावते."

"तुले माया आवाज कळत नाही?"

"कळते, मालक. पन आता आवाजावर जोडनं बंद केलं."

"उद्यापासून कामावर येऊ नको!"

"उद्याचं उद्या पाहू. आता फोन ठेवा."

त्यांनी आपटलाच. मी लगेच पोस्टाकडे खामगाव मागितलं. लाईन मिळायला अर्धा तास लागला. तोवर मॅनेजर खुर्चीमागे येरझाऱ्या घालत होते. शेवटी पलीकडून मालकांनीच फोन उचलला.

"मी फॅक्टरीतून बोलते. अकोला देऊ?"

मालक आधी कुरकुरले. मग म्हणाले, "दे."

दोन्हीकडचं बोलणं सुरू झालं तसा मी कानाचा फोन काढून ठेवला. त्यांचं बोलणं ऐकणं माझं काम नव्हतं. बोर्डावरची झडप पडून बोलणं संपल्याचं कळताच दोरी ओढली. ती राहिली असती तर दोन्ही लायनी एकमेकींना जोडलेल्याच राहिल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वेळेवर गेले. कुणी अडवलं नाही. चार दिवसांनी मालक स्वतः आले. माझ्याकडे न बघता मॅनेजरना म्हणाले, "हे पोरगी म्हनते तसंच चालू द्या."

मी त्या बोर्डावर अकरा वर्षं बसले. फोन ठेवून वाट बघणं मालकांच्या अंगवळणी कधी पडलं नाही. दर वेळी ते कुरकुरत, आणि दर वेळी ठेवत.