महाराजांचं सिंहासन

दोघा भावांचं केस कापायचं दुकान होतं; मागच्या खोल्यांत घर. थोरल्याचा हात इतका हलका, की वस्तरा गालावरून फिरताना गिऱ्हाइकाला झोप लागावी. धाकट्याचा हात बेताचा, जीभ मात्र वस्तऱ्याहून धारदार.

थोरल्याचं पोट साफ व्हायचं नाही. सकाळी संडासात गेला की गेलाच. खोळंबलेली गिऱ्हाइकं कुरकुरू लागली की धाकटा कंगवा झटकत म्हणायचा, "थांबा जरा, महाराज सिंहासनावर आहेत." दुकान खदखदायचं. थोरला खाली मान घालून बाहेर यायचा, मुकाट्यानं कामाला लागायचा. वर्षानुवर्षं हे चाललं.

मग थोरल्याच्या उजव्या हाताला कंप सुटला. साबण लावलेल्या एका गालासमोर वस्तरा थरथरला आणि त्यानं तो आपणहून मिटून ठेवला.

धाकटा त्याला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी तपासून कंपवात असल्याचं सांगितलं. मग विचारलं, "पोट साफ होतं का?"

"होतं की," थोरला भिंतीकडे बघत म्हणाला.

हे खोटं कुणाच्या धास्तीनं आलं, ते धाकट्याला उमगलं. "नाही होत, बाई. कंप सुटायच्या कितीतरी आधीपासून. मी त्यावरून लोकांना हसवायचो."

बाई हसल्या नाहीत. "काही जणांत हा आजार पोटातूनच सुरू होत असावा. आतड्यातल्या जिवाणूंचा तोल बिघडला, तर त्याची झळ मेंदूपर्यंत पोचत असेल, असा संशय आहे. खात्री अजून कुणालाच नाही, म्हणून आम्ही रुग्णांचं शौच तपासतो. उद्या या डबीत आणाल?"

"म्हणजे मी तेव्हाच आजारी होतो?"

"असू शकेल."

"मला वाटायचं, माझंच काहीतरी घाणेरडं आहे," थोरला म्हणाला.

धाकट्यानं टेबलावरची डबी उचलली आणि दोघं घरी आले.

सकाळी दुकान भरलेलं. थोरला मागच्या दारात डबी लपवून उभा. "पुढं लोक आहेत रे," तो पुटपुटला.

"आण इकडं, मी नेतो."

धाकटा खुर्च्यांमधून निघाला. "काय, महाराज सिंहासनावरच का?" एकानं विचारलं. बाकीचे हसायच्या तयारीत.

"दादा आजारी आहे. तेव्हापासूनच होता. हे त्याचं शौच, तपासायला नेतोय. ते नाव आता नको."

आरशात त्याला दारातला दादा दिसला. मान खालीच. आजही आपण भर दुकानात त्याचंच पोट उघडं केलं, हे धाकट्याच्या तेव्हा ध्यानात आलं. त्यानं खांद्यावरचा टॉवेल काढून डबी गुंडाळली आणि आरशाकडे न बघता तो बाहेर पडला.